प्रत्येक फोड हर्पीस नव्हे : तोंडाच्या व गुप्तांगाच्या जखमांविषयी थोडेसे



वार्षिक अहवाल म्हटला की जमाखर्चाचा ताळेबंद, नव्या यंत्रसामग्रीची यादी आणि ऋणनिर्देश एवढेच वाचकाच्या डोळ्यांपुढे येते. तथापि रुग्णालय केवळ खाटांवर आणि यंत्रांवर चालत नाही. रुग्ण वेळेवर आला तरच त्या खाटांचा व यंत्रांचा उपयोग. म्हणून या पानांत एखादा आरोग्यविषयक लेख असावा, असे आम्हांस वाटते. या खेपेस निवडलेला विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, आणि नेमक्या त्याच कारणासाठी तो छापील स्वरूपात आपल्या घरी पोहोचावा, अशी आमची इच्छा आहे. आम्ही कार्यालयात बसणारी माणसे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. येथील वैद्यकीय मजकूर डॉक्टरांकडून समजून घेऊन, आमच्यासारख्या सामान्य माणसास कळेल अशा भाषेत मांडला आहे.

एका कागदाची गोष्ट

काही काळापूर्वी एक तरुण गृहस्थ आमच्या कार्यालयात आले व दार लोटून घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, बाबांचं वय सत्तरीच्या पुढं. आयुष्यभर केळीच्या वाडीत राबले. त्यांच्या कागदावर हे काय लिहिलंय?" कागदावर 'हर्पीस झोस्टर' असे लिहिले होते. 'हर्पीस' हा गुप्तरोग असतो, एवढेच त्यांनी कोठेतरी ऐकले होते. घरात वडिलांचे ताट, पेला व अंथरूण वेगळे काढण्यात आले होते, आणि चार दिवस त्यांच्याशी कोणी धड बोलले नव्हते. वडिलांना झाली होती ती साधी नागीण, म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजण्यांचा म्हातारपणी उलटलेला अवशेष. डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावून सांगितले. मुलगा खाली मान घालून घरी गेला. आजार आठवड्याभरात आटोक्यात आला. पण चार दिवसांच्या त्या अबोल्याची भरपाई कोणत्या खात्यात दाखवावी, हे आम्हांस आजही उमगलेले नाही.

या प्रसंगाने आम्हांस दोन गोष्टी शिकविल्या. एक, आजाराच्या नावाची भीती कित्येकदा आजाराहून अधिक नुकसान करते. दुसरी, भीती बहुधा चुकीच्या ठिकाणी बसलेली असते. जी जखम आग करते, ठणकते, तिने माणूस घाबरतो. जी दुखत नाही तिच्याकडे तो पाहत नाही. आणि तोंड असो वा गुप्तांग, अधिक घातक जखमा बहुधा याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. या लेखातून वाचकाने एवढे एकच लक्षात ठेवले, तरी आमचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.

एक शब्द, दोन आजार

'हर्पीस' हा शब्द मूळ ग्रीक, सरपटणे या अर्थाचा. आपला 'सर्प' त्याचाच दूरचा नातलग. आपल्या लोकांनी अंगावर पट्ट्याने सरकत जाणाऱ्या फोडांना 'नागीण' म्हटले, त्यामागेही तीच कल्पना असावी. अडचण अशी की वैद्यकशास्त्रात 'हर्पीस' हे नाव दोन भिन्न विषाणूंच्या आजारांना लागले आहे.

पहिला आजार 'हर्पीस सिंप्लेक्स'. याच्या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार बहुधा ओठ व तोंड यांवर आढळतो आणि पुष्कळदा बालपणीच, घरातील मायेच्या माणसाने घेतलेल्या पाप्याच्या वाटेने, शरीरात शिरतो. दुसरा प्रकार प्रामुख्याने गुप्तांगावर आढळतो व लैंगिक संबंधातून पसरतो. ही विभागणी ढोबळ आहे. पहिला प्रकारही गुप्तांगावर येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात पहिल्या प्रकारचा, तर १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांच्या शरीरात दुसऱ्या प्रकारचा विषाणू वास करून आहे. यांपैकी बहुसंख्यांना लक्षणे दिसतच नाहीत, अथवा इतकी सौम्य दिसतात की ती ध्यानात येत नाहीत. इतक्या मोठ्या लोकसंख्येत आढळणाऱ्या गोष्टीस कोणा एकाच्या वर्तनाचा दाखला मानणे न्यायाचे नाही.

दुसरा आजार 'हर्पीस झोस्टर', म्हणजेच नागीण. हा कांजण्यांच्या विषाणूपासून होतो. कांजण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निद्रिस्त राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर पुन्हा डोके वर काढतो. लैंगिक संबंधाशी याचा काडीमात्र संबंध नाही.

नागिणीची ओळख सोपी आहे. प्रथम दोन-तीन दिवस अंगाच्या एकाच बाजूस आग किंवा ठणका लागतो. मग त्याच पट्ट्यात फोडांचे पुंजके उठतात आणि ते शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूवर नागीण आली तर टाळूच्या केवळ अर्ध्या भागावर जखमा दिसतात. कपाळावर, डोळ्याजवळ अथवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास दृष्टीस धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नागिणीची दोन्ही टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत आजही आपल्या भागात ऐकू येते. ती निराधार आहे. खरे नुकसान होते ते गेरूच्या लेपात आणि उताऱ्यात दिवस गेल्यामुळे. कारण विषाणूरोधक औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तरच त्याचा पुरता लाभ मिळतो. अंगावर फोड ओले असेपर्यंत ज्यांना कांजण्या झालेल्या नाहीत अशांना, विशेषतः गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे यांना, रुग्णाच्या निकट येऊ देऊ नये. ताट-पेला वेगळा काढण्याची मात्र गरज नाही. नागिणीवरील नवी प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतात मिळू लागली आहे. ती महाग असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा.

तोंड येणे आणि ओठावर उठणे

आपण ज्यास 'तोंड आले' म्हणतो ते बहुतेक वेळा हर्पीस नसते. ओठाच्या आतील बाजूस, गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा खाली एखादी गोल, उथळ, पिवळसर-पांढऱ्या तळाची आणि लाल कडेची जखम होते. तिखट लागले की जीव जातो. पण त्याआधी तेथे पाण्याचा फोड आलेला नसतो. ही जखम संसर्गजन्य नाही. जागरण, मानसिक ताण, दात लागणे, लोह, ब-१२ जीवनसत्त्व वा फोलिक आम्ल यांची कमतरता अशी तिची कारणे असतात. सहसा ७ ते १४ दिवसांत ती आपोआप भरते. वारंवार तोंड येत असेल तर रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. पुष्कळदा मूळ पंडुरोगात सापडते.

हर्पीसची रीत निराळी. ओठाच्या कडेला आधी चुणचुण किंवा मुंग्या येतात, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस उठतो, ते फुटतात व खपली धरतात. ताप येऊन गेल्यावर, उन्हाच्या तडाख्यानंतर किंवा परीक्षेच्या दिवसांत पुन्हा त्याच जागी उठणाऱ्या ओठावरच्या पुळ्या अनेकांच्या परिचयाच्या असतील; त्या याच आजाराच्या. तोंडाच्या आत हर्पीस पुन्हा आला तर तो हिरडी किंवा कडक टाळू अशा हाडास घट्ट चिकटलेल्या भागावर येतो. नेहमीचे तोंड येणे मात्र मऊ, हलत्या भागावर होते. हा एक फरक लक्षात राहिला तरी पुष्कळ उलगडा होतो.

लहान मुलांत पहिला संसर्ग जोराचा असू शकतो. ताप येतो, हिरड्या लाल होऊन सुजतात, तोंडभर बारीक जखमा होतात, लाळ गळते आणि मूल दूधही घेत नाही. हा आजार १० ते १४ दिवसांत बरा होतो. पण त्या काळात मुलाच्या शरीरातील पाणी कमी होऊ न देणे ही खरी शुश्रूषा होय. हात, पाय व तोंड यांवर पुरळ आणणारा दुसरा एक विषाणूजन्य आजारही शाळांतून पसरतो. त्यात तळहात व तळपाय यांवर फोड येतात आणि हिरड्या सहसा सुजत नाहीत. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला व तो पुसल्यास निघाला, तर ती बुरशी असते. तान्ह्या बाळांत, मधुमेहींत, कवळी वापरणाऱ्यांत आणि दम्यासाठी तोंडाने औषधाचा फवारा घेणाऱ्यांत ती आढळते. तीव्र प्रतिजैविके चालू असतानाही ती येते.

न दुखणारी जखम

आता ज्याकडे लक्ष वेधण्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळू. तोंडातील एखादा पांढरा किंवा लाल चट्टा पुसूनही निघत नाही. गालात वा जिभेच्या कडेला एखादी कठीण जखम आहे, पण ती फारशी दुखत नाही. दोन आठवडे उलटले तरी ती भरत नाही. मानेत गाठ लागते. तोंड पूर्वीसारखे उघडत नाही. यांपैकी एकही लक्षण असेल तर तो कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था असू शकते. स्वतःची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, हे घरच्या आरशापुढे पाहता येते. सुपारीने तोंडाच्या आतील आवरण कडक होते व ती जागा हळूहळू कमी होत जाते.

आपल्या राज्यात तंबाखू मळण्याची आणि स्त्रियांमध्ये मिश्री लावण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. सुपारी आणि तंबाखूची पुडी मात्र सुटी विकली जातेच. तोंड आले म्हणून दाढेत मिश्री धरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्याने क्षणभर बधिरपणा येतो व रोगाला मात्र आणखी मुदत मिळते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे, आणि वसईहून ते लोकलच्या अंतरावर आहे. तरीही आपल्याकडून तेथे जाणारा रुग्ण कित्येकदा उशिरा निघतो. त्याचे कारण अंतर नव्हे. 'दुखत तर नाही' हे तीन शब्द होत. वेळीच आढळलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो. म्हणून नियम एकच धरावा : दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातील कोणतीही जखम दंतवैद्यास अथवा कान-नाक-घसा तज्ज्ञास दाखवावी, ती दुखो वा न दुखो.

गुप्तांगावरील जखमा

हाच नियम गुप्तांगासही लागू पडतो. हर्पीसचा पहिला झटका वेदनेचा असतो. बारीक फोडांचा पुंजका उठतो, तो फुटून उथळ, चुरचुरणाऱ्या जखमा होतात, लघवीस आग होते, अंगात ताप भरतो आणि जांघेत दोन्हीकडे दुखणाऱ्या गाठी येतात. दोन-तीन आठवड्यांत हे ओसरते. पुढे ते पुन्हा उद्भवू शकते, परंतु बहुधा सौम्य रूपात व थोड्या दिवसांसाठी. विषाणू मज्जातंतूंत राहत असल्याने त्याचे समूळ उच्चाटन करणारे औषध अद्याप नाही; मात्र असायक्लोव्हिरसारख्या गोळ्यांनी झटका लवकर आटोक्यात येतो. या औषधाच्या संशोधनाशी निगडित असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हर्पीस त्रासदायक आहे, लाजिरवाणा वाटतो. पण निरोगी प्रौढ माणसाच्या जिवावर तो सहसा बेतत नाही.

उपदंशाची, म्हणजे बोलीभाषेतील 'गरमी'ची, जखम याच्या अगदी उलट असते. ती बहुधा एकच, गोल, स्वच्छ तळाची, बटणासारखी कठीण आणि वेदनारहित असते. जांघेत अवधाण आले तरी ते फारसे दुखत नाही. संबंधानंतर सरासरी तीन आठवड्यांनी ती उमटते आणि ३ ते ६ आठवड्यांत काहीही उपचार न करता बुजूनही जाते. रुग्णास वाटते, बरे झाले. वास्तविक रोग रक्तात उतरलेला असतो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येतो, तोंडात चट्टे पडतात आणि अनेक वर्षांनी हृदय व मेंदू यांवर घाला पडू शकतो. गरोदर स्त्रीस हा आजार असल्यास गर्भ दगावण्याचा अथवा बाळ रोगासह जन्मण्याचा धोका असतो. आणि हे सारे सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनाने टळू शकते.

वसईकरांस या आजाराचा एक जुना संदर्भ उद्बोधक वाटेल. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात या रोगास 'फिरंग रोग' म्हटले आहे. फिरंगी लोकांच्या संसर्गाने तो होतो, अशी तत्कालीन वैद्यांची धारणा होती. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली व १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली; त्याच सोळाव्या शतकात गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रोगावरील चोपचिनीच्या उपचाराची चर्चा केली आहे. युरोपातही या रोगास प्रत्येक देश शेजारच्या देशाचे नाव देत असे. रोगाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याची वृत्ती किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

गुप्तांगावरील प्रत्येक जखम लैंगिक संबंधातूनच येते, हाही एक मोठा गैरसमज आहे. काही वेदनाशामक वा प्रतिजैविक गोळ्यांची विशिष्ट व्यक्तींना बाधा होते; ती गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी, पुष्कळदा ओठावर आणि गुप्तांगावर, लालसर-काळा डाग व फोड उठतो आणि मागे काळा व्रण राहतो. मधुमेहात बुरशीमुळे त्वचेला चिरा पडतात. खरजेत रात्री खाज वाढते व घरातील इतरांनाही ती असते. किशोरवयीन मुलींमध्ये एखाद्या विषाणूजन्य तापानंतर अचानक वेदनादायक जखम होऊ शकते, आणि तीस लैंगिक संबंध हे कारण मुळीच नसते. अशा मुलीला आईवडिलांनी उलटतपासणीच्या पिंजऱ्यात उभे करू नये; तिला डॉक्टरांकडे आणावे. तोंड व गुप्तांग या दोन्ही ठिकाणी वारंवार जखमा होऊन डोळेही लाल होत असतील, किंवा तोंडातील सालपटे महिनोन्‌महिने भरत नसतील, तर प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारे काही आजार असतात. त्यांचे निदान तज्ज्ञच करू शकतात. आणि एखादे नवे औषध घेतल्यावर ताप येऊन तोंड, डोळे व गुप्तांग एकाच वेळी सोलवटू लागले, तर ती आणीबाणी समजून विनाविलंब रुग्णालयात यावे.

पाच प्रश्न

डॉक्टरांकडे येण्यापूर्वी पुढील पाच प्रश्नांची उत्तरे मनाशी जुळवून ठेवल्यास निदान सुकर होते.

१. जखम दुखते की दुखत नाही?
२. एकच आहे की पुंजका आहे? आधी पाण्याचे फोड होते का?
३. किती दिवस झाले? दोन आठवडे उलटले का?
४. पूर्वी याच जागी असे झाले होते का? त्याआधी कोणते औषध घेतले होते?
५. सोबत ताप, गाठ, तळहातांवर पुरळ, डोळ्यांची लाली यांपैकी काही आहे का?

या उत्तरांनी घरच्या घरी निदान होते असा याचा अर्थ नव्हे. डोळ्यांनी पाहून अनुभवी डॉक्टरही कधी चुकतात, कारण आजार नेहमी पुस्तकाप्रमाणे वागत नाही आणि दोन आजार एकत्रही असू शकतात. सरकारी यंत्रणेनेही हा प्रश्न महत्त्वाचा मानला आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लैंगिक आजारांवरील औषधांची रंगीत पाकिटे ठरविण्यात आली. त्यांत हर्पीसच्या जखमेसाठी लाल, इतर प्रकारच्या गुप्तांग-जखमांसाठी पांढरे, आणि पेनिसिलिन न चालणाऱ्यांसाठी निळे पाकीट. जखमेसाठी पाकिटाचा रंग ठरतो तो मुख्यतः हर्पीस आहे की नाही, या निर्णयावर.

चाचणी कोणती, कशासाठी

हिशेबाशी आमचा संबंध असल्याने येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. हर्पीसची खात्री करावयाची तर ताज्या फोडातील स्रावाची पीसीआर चाचणी उपयुक्त ठरते. म्हणून रुग्णाने फोड सुकण्याआधी यावे. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी केवळ एवढेच सांगते की विषाणू कधीतरी शरीरात आला होता. तो कधी आला, कोणाकडून आला आणि समोरची जखम त्याचीच आहे का, हे त्या कागदावरून ठरत नाही. भीतीपोटी स्वतः होऊन अशा चाचण्या करून घेणे म्हणजे पैसे देऊन संशय विकत घेणे होय. याउलट गुप्तांगावर जखम असलेल्या प्रत्येकाने उपदंशाची व एचआयव्हीची रक्तचाचणी अवश्य करावी. उपदंशाची चाचणी अगदी सुरुवातीच्या दिवसांत चुकून निर्दोष येऊ शकते. डॉक्टरांनी सांगितल्यास ती पुन्हा करावी. जखम असताना एचआयव्हीचा शिरकाव सुलभ होतो, हेही ध्यानात असावे. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, काही मोजके अपवाद वगळता, चाचणीपूर्वी रुग्णाची संमती आणि पुढे गोपनीयता बंधनकारक केली आहे. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे.

घरी घ्यावयाची काळजी

औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले मलम जखमेवर लावू नये. त्यांपैकी पुष्कळांत स्टेरॉइड असते. त्याने आग तात्पुरती शमते, पण विषाणू व बुरशी दोन्ही फोफावतात. तोंडातील जखमेसाठी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ व बिनतिखट अन्न आणि तंबाखू-सुपारीस पूर्ण विश्रांती हा प्रथमोपचार पुरेसा आहे. ओठावर पुळ्या असताना तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नये; नवजात बालकास हा विषाणू जिवावर बेतू शकतो. बारशाच्या घरी पाहुण्यांना हे सांगणे अवघड जाते खरे. पण आजीनेच पुढाकार घेतला तर कोणास राग येत नाही. गरोदर स्त्रीस प्रसूतीच्या सुमारास गुप्तांगावर फोड अथवा जखम आढळल्यास तिने ती लपवू नये, डॉक्टरांना लगेच सांगावे. त्यावरून प्रसूतीची रीत ठरविता येते. फोड असेपर्यंत पति-पत्नींनी संबंध टाळावा. एरवी निरोधाने धोका घटतो, परंतु तो पूर्णपणे नाहीसा होत नाही.

संशयाविषयी

आमच्या मते या आजाराचे सर्वांत मोठे ओझे शरीरावर पडत नाही, संसारावर पडते. पत्नीस हर्पीस निघाला की पती विचारतो, "कोणाकडून?" पतीस निघाला की पत्नी माहेरी जाते. डॉक्टर सांगतात की हर्पीसचा विषाणू शरीरात कित्येक वर्षे मुकाट राहून प्रथमच डोके वर काढू शकतो. विवाहापूर्वीचा, किंवा पहिल्या प्रकाराचा असेल तर बालपणीचाही तो असू शकतो. लक्षणे नसलेल्या जोडीदाराकडूनही तो येऊ शकतो. तेव्हा आज उठलेला फोड कालच्या बेइमानीचा पुरावा नव्हे. पुराव्याविना खात्यात नोंद करू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा; घरातही तो पाळला जावा, एवढीच प्रार्थना.

रुग्णालय म्हणून आम्हीही या बाबतीत निर्दोष नव्हतो. पूर्वी बिलाच्या खिडकीवर रुग्णाचे नाव व त्यापुढे आजार मोठ्याने वाचला जाई. सुरुवातीस उल्लेखिलेल्या प्रसंगानंतर आम्ही ती प्रथा बंद केली. आता खिडकीवर केवळ नोंदणी क्रमांक उच्चारला जातो. त्वचारोग विभागाच्या तपासणीस पडद्याऐवजी दार असलेली खोली देण्यात आली आहे, आणि निदानाचा कागद नातेवाइकाच्या हाती देण्यापूर्वी तो रुग्णास समजावून सांगितला जातो. या गोष्टींना खर्च फार लागला नाही. लागली ती आठवण. तरीही एक दार, एक समुपदेशक आणि गरीब रुग्णाची एक मोफत चाचणी या साऱ्यांमागे कोणा ना कोणा देणगीदाराची देणगी असते, आणि या आजाराचे रुग्ण आभाराचे पत्र कधीच लिहीत नाहीत. त्यांच्या वतीने ते आभार आम्ही येथे मानतो.

शेवटी वाचकांस नम्र विनंती की हे पान घरात सर्वांच्या हाती पडेल असे ठेवावे. मोठ्याने वाचण्याची गरज नाही. ज्याला हवे तो एकांतात वाचील. दुखणाऱ्या जखमेची लाज बाळगू नये, न दुखणाऱ्या जखमेवर विश्वास ठेवू नये, आणि दोन आठवड्यांची मर्यादा विसरू नये.